युवा केंद्राची किल्ली कोणाच्या हातात देताय? पालिकेला एक खुलं पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्षा ताई, मा. मुख्याधिकारी साहेब आणि बठ्ठे नगरसेवक भाऊ-ताई,

रामराम.

स्टँडमागच्या हॉलचं काम संपत आलंय, रंग लागला, बाहेर ओपन जिम पण बसली, आणि आता आत कॅरम, टेबल टेनिस, दोन ट्रेडमिल, अभ्यासिकेच्या खुर्च्या अशी सामानाची यादी सभेपुढे येणारे असं कळलं. आधी अभिनंदन, आणि हे मनापासून, कारण आपल्याकडे पोरांना बसायला जागा म्हणजे पानटपरीचा ओटा नाहीतर मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, त्यामुळे चार भिंती आणि चालू पंखा मिळतोय हीच मोठी गोष्ट आहे. पण यादी मी शेवटपर्यंत वाचली आणि त्यात माणूस कुठं सापडलाच नाही. म्हणजे शेवटी एक ओळ आहे, "देखरेखीसाठी दोन कर्मचारी, बाह्यस्रोताद्वारे". संपलं. ते कोण असणार, त्यांना काय यायला पाहिजे, त्यांना कोण शिकवणार, काहीच नाही.

मी बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली, शाळेत तासिका तत्त्वावर आहे आणि संध्याकाळी ग्राउंडवर मुलींचा खो-खो घेते, म्हणून ही ओळ डोळ्यात खुपली. माझं म्हणणं एकच आहे. दोन ट्रेडमिलऐवजी एक घ्या, किंवा घेऊच नका, आणि ते पैसे केंद्र चालवणाऱ्या माणसांच्या ट्रेनिंगला टाका, केंद्र उघडायच्या आधी.

शेजारच्या एका तालुक्यात असंच एक केंद्र झालं होतं, नाव घेत नाही. फीत कापली, फोटो झाले, एजन्सीने एक रिटायर्ड काका बसवले. काका एकदम सज्जन माणूस. त्यांना सांगितलं होतं की सामानावर लक्ष ठेवा, तर त्यांनी ठेवलं लक्ष. आधी कॅरमच्या सोंगट्या हरवल्या तर बोर्ड कपाटात गेला, मग टीटीची जाळी फाटली तर टेबलाला चादर बांधली गेली, मग मोठी पोरं भांडली तर संध्याकाळी सातला कुलूप लागायला लागलं, आणि शेवटी सगळं सामान नवंकोरं आणि आत एक पण पोरगं नाही. आता यात काकांचा काय दोष? त्यांच्या हातात किल्ली दिली, वही दिली, आणि पोरांचं काय करायचं ते कोणीच सांगितलं नाही, मग माणूस जे मोजता येतं तेच सांभाळणार ना भो. स्टॉक रजिस्टर साहेब तपासतात, आज किती पोरं हसत घरी गेली ते कोण तपासतं.

तुम्ही म्हणाल ट्रेनिंग कशाचं, कॅरम खेळायला काय शिकवायचं. म्हणून संध्याकाळचा पहिला अर्धा तास कसा असतो तो सांगते. साडेपाचला दार उघडलं की वीस-पंचवीस पोरं एकदम आत घुसतात, बोर्ड दोन, त्यातल्या एकावर वयाने मोठी चार जणं लगेच बसतात आणि उठत नाहीत, दोन-तीन पोरं भिंतीला टेकून नुसती बघत राहतात, एक जण कोपऱ्यात मोबाईलवर, आणि एक नवीन पोरगा दारातच, चप्पल काढू का नको काढू अशा विचारात. शिकलेला माणूस खुर्चीवर बसत नाही, तो दारात उभा असतो. नावाने हाक मारतो, नवीन असेल तर नाव विचारून त्याच संध्याकाळी दोन-तीनदा ते वापरतो म्हणजे बाकीच्यांना पण पाठ होतं. बोर्डवर नंबर लावायची पद्धत तो पोरांकडूनच ठरवून घेतो, हरला की उठायचं का वीस मिनिटं झाली की उठायचं, आणि एकदा ठरलं की मग ते मोठ्या चौघांना पण लागू. भिंतीला टेकलेल्यांना "तुम्ही पण खेळा ना" असं म्हणत नाही, कारण त्याने कोणी खेळत नाही, त्यांच्या हातात काहीतरी काम देतो, गुण लिही, शिट्टी धर, लगोरीच्या चपट्या गोळा करून आण. हात गुंतले की पोरगं आपोआप आत येतं. हे सगळं बघायला सोपं वाटतं पण ज्याला कोणी दाखवलेलं नाही त्याला नाही जमत, मी कितीतरी चांगले खेळाडू बघितलेत की जे स्वतः स्टेट खेळून आलेत आणि पंधरा पोरांसमोर उभे केले की त्यांना नुसतं "लाइनीत उभे राहा" एवढंच सुचतं.

आणि भांडण. भांडण होणारच, जिथे पोरं तिथे भांडण. त्यावेळी मध्ये उभं राहून ओरडायचं का दोघांना वेगळं करून एकाला पाणी आणायला पाठवायचं, सगळ्यांसमोर माफी मागायला लावायची का थंड झाल्यावर बाजूला घेऊन बोलायचं, हे पण शिकायचंच काम आहे. चौघांसमोर अपमान झालेलं पोरगं परत येत नाही, आणि आलं तर दगड घेऊन येतं.

आता कायद्याचं. मुख्याधिकारी साहेब, हा भाग खास तुमच्यासाठी. २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात युवा म्हणजे १५ ते २९ वर्षं. पण १८ च्या आतलं प्रत्येक लेकरू पोक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, बालक आहे. म्हणजे तुमच्या एकाच हॉलमध्ये पंधरा वर्षाची पोरगी आणि अठ्ठावीस वर्षाचा बाप्या एकाच वेळी असणार, आणि ते दोघं एकमेकांशी कसे वागतात याची जबाबदारी त्या "दोन कर्मचाऱ्यां"वर. पोक्सोच्या २०२० च्या नियमांत स्पष्ट आहे की शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी, जिथे कुठे मुलांशी नेहमीचा संबंध येतो तिथल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, मग तो कायम असो का कंत्राटी, ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करायची आणि त्यांना बालसुरक्षेचं ट्रेनिंग पण वेळोवेळी द्यायचं. म्हणजे ट्रेनिंग द्या ही माझी विनवणी नाही, नियमच आहे. एजन्सीकडून माणूस घेतला म्हणून आपली जबाबदारी एजन्सीकडे जात नाही. आणि काही चुकीचं घडल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, "गावातली गोष्ट आहे, आपसात मिटवू" हे चालत नाही, कळवलं नाही तर तो पण गुन्हा. हे त्या काउंटरवरच्या पोराला कोण सांगणार? त्याला साध्या साध्या गोष्टी पण माहीत पाहिजेत, एकट्या मुलाबरोबर दार लावून बसायचं नाही, रात्री पोरींना पर्सनल मेसेज करायचे नाहीत, जे काही सांगायचं ते ग्रुपवर आणि ग्रुपमध्ये दुसरा मोठा माणूस पाहिजेच, १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात. यात मुलाचं रक्षण आहेच, त्या कर्मचाऱ्याचं पण आहे.

मग येते तब्येत. आपलं खान्देशचं ऊन काय आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो आणि आपल्याकडे उन्हाळी शिबिराचं उद्घाटन पाहुणे उशिरा आले म्हणून अकराला होतं, पोरं सकाळी सातपासून ग्राउंडवर उभी. ज्याला ट्रेनिंग आहे तो पाहुण्यांची वाट बघत नाही, तो नऊच्या आत पोरांना सावलीत घेतो, तहान लागो न लागो दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी पाजतो, आणि पोरगं असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापलं की आधी अंगावर पाणी ओतून, वारा घालून गार करायला लागतो आणि एकीकडे १०८ ला फोन लावतो.

मागे एका स्पर्धेत ग्राउंडवर एका पोराला फिट आली. दोन मिनिटांत चाळीस माणसं गोळा, एकाने नाकाला चप्पल लावली, दुसरा कांदा आणायला पळाला, तिसरा दातांमध्ये चमचा घालायला बघत होता, आणि दोन जणांनी हातपाय दाबून धरलेले. तिथे एक नर्स ताई प्रेक्षकांत होत्या म्हणून बरं. त्यांनी सगळ्यांना मागे हटवलं, पोराला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणीची घडी ठेवली, तोंडात काही घालू दिलं नाही आणि घड्याळ बघत बसल्या. पाच मिनिटांच्या वर गेली असती तर अँब्युलन्स, पण त्याच्या आतच थांबली. पोरगं उठलं तेव्हा त्यांनी पहिलं काम काय केलं तर गर्दी पांगवली, कारण त्याची चड्डी ओली झाली होती आणि ते त्यालाच आधी कळायला पाहिजे होतं, चाळीस जणांना नाही. ही शेवटची गोष्ट कुठल्या पुस्तकात असेल का माहीत नाही, पण मला वाटतं युवा केंद्रातल्या माणसाला ती चमचा न घालण्याइतकीच यायला पाहिजे. आणि या स्पर्धेच्या आयोजकांकडे ट्रॉफी होत्या, बॅनर होते, डीजे होता, प्रथमोपचाराची पेटी पण होती, फक्त तिला कुलूप होतं.

पोरींचं सांगते आता, ताई तुम्ही हे वाचताना मान हलवाल. केंद्र "सर्वांसाठी खुलं" असं लिहिलं की आपल्याकडे त्याचा अर्थ पोरांसाठी खुलं असा होतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला बघा, झोके बांधले की गावातल्या पोरी कशा मोकळ्या होतात, गाणी काय, धावणं काय, लग्न झालेल्या पण माहेरी येऊन खेळतात. म्हणजे खेळायची हौस नाही असं कोणी म्हणू नये. वर्षाचे बाकी दिवस त्या येत नाहीत त्याची कारणं साधी असतात, येण्याच्या रस्त्यावर लाइट नाही, टॉयलेटला कडी नाही, दारात बाइक लावून बसलेली पोरं, आणि घरात माय विचारते की तिथे बाई आहे का कोणी. चार कर्मचारी घ्या आणि त्यातल्या दोन बाया पाहिजेत, हे माझं ठाम मत आहे. पण नुसती बाई नेमून होत नाही, तिला हे पण शिकवावं लागतं की पहिल्या महिन्यात केंद्रात बसायच्या ऐवजी घरोघरी जा, मायला भेट, आजीला भेट, चहा पी, पोरगी किती वाजता परत येईल ते सांग आणि मग तेवढ्या वाजता परत आण. माझ्या टीममधल्या निम्म्या पोरी मी ग्राउंडवर नाही, ओट्यावर बसून मिळवल्यात.

भाषेचं पण आहे. आपल्याकडे घरात अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी, आणि सातपुड्याच्या बाजूने आलेल्या पोरांची पावरी नाहीतर भिली. काउंटरवरच्या माणसाने "नीट बोल" म्हटलं की ते पोरगं गप्प, आणि दुसऱ्या दिवशी गायब. त्याच्याऐवजी "खेयाले ये ना रे भो" एवढं म्हटलं तरी दार उघडतं. कापूस वेचणीच्या दिवसात काही पोरं येणार नाहीत, ऊसतोडीला घरं जातात तेव्हा काही महिनेच गायब होतील, म्हणून त्यांचं नाव रजिस्टरमधून काटायचं नाही हे पण सांगून ठेवायला पाहिजे, नाहीतर आपले लोक हजेरी कमी म्हणून नाव उडवतात.

आणि भरतीवाली पोरं. केंद्र उघडलं की पहिल्या दिवशी तीच येणार, पहाटे हायवेवर १६०० मीटर मारून आलेली, गोळाफेक, शंभर मीटर, अभ्यासिकेत जीके. त्यांचं कष्टाचं कौतुक आहेच, त्यांच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे. पण ती संख्येने जास्त आणि आवाजाने मोठी असतात, त्यामुळे बघता बघता केंद्राची भरती अकादमी होते, आणि ज्या तेरा-चौदा वर्षाच्या पोराला पळायचं नाही, त्याला चित्र काढायचंय, नाटकात काम करायचंय, नाहीतर नुसतं कोणाशी तरी बोलायचंय, तो दारातूनच परत जातो. वेळा वाटून देणं, भरतीच्या पोरांनाच लहानांचा एक तास घ्यायला लावणं, हे ज्याला येतं तो दोघांनाही सांभाळतो.

कोणी म्हणेल की आपल्याकडे बी.पी.एड. वाले बेकार पडलेत, घ्या त्यातले दोन, ट्रेनिंग कशाला. मी स्वतः त्यातलीच, म्हणून सांगते, कोच वेगळा आणि केंद्र चालवणारा वेगळा. आपल्याकडे कोच घडवायची परंपरा चांगली आहे, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, पतियाळाची एनआयएस, म्हणजे कोच घडवणारी राष्ट्रीय क्रीडा संस्था, १९६१ ला सुरू झाली. पण कोचचं डोकं कोण पुढे जाईल याच्यात असतं आणि केंद्रवाल्याचं कोण येणं बंद झालं याच्यात. गंमत बघा, त्याच १९६१ ला इंग्लंडमध्ये लेस्टरला खास युवा केंद्रं चालवणारे लोक घडवायचं कॉलेज सुरू झालं, एक वर्षाचा कोर्स. त्याच्या आदल्या वर्षी लेडी अल्बेमार्ल यांच्या कमिटीचा अहवाल आला होता, त्यात पोरांसाठी इमारती बांधा हे होतंच पण त्या चालवायला माणसं तयार करा हे पण होतं, आणि तिकडच्या सरकारने दोन्ही कामं एकदमच हातात घेतली. आपण पहिलं घेतो आणि दुसऱ्याला "बाह्यस्रोत" लिहितो.

तिकडचं राहू द्या. आपल्या अंगणवाडीचं घ्या, १९७५ पासूनची योजना, तिथल्या ताईला सरकार ट्रेनिंग देतं, अधूनमधून परत बोलावून उजळणी घेतं, सुपरवायझर येऊन बघते. मानधनाचे हाल आहेत ते आहेतच, पण निदान तीन वर्षाच्या लेकराला सांभाळायला शिकावं लागतं हे सरकारला मान्य आहे. मग पंधरा वर्षाच्या पोराला सांभाळणं काय त्याहून सोपं आहे का? ज्याच्या घरात पंधरा वर्षाचं पोरगं आहे त्या नगरसेवकाने हात वर करून सांगावं.

आणि मग साने गुरुजींचं नाव कोणीतरी काढतंच, की ताई, अशी माणसं जन्मावी लागतात. खरंय, १९२४ ते ३० अमळनेरच्या शाळेत होते ते, छात्रालय सांभाळायचे, पोरांच्या खोल्या स्वतः आवरायचे असं जुने लोक सांगतात. पण गुरुजी जन्मायची वाट बघत आपण किती पिढ्या ओट्यावर बसवायच्या? कुठलं पोरगं आज जेवलं नाही हे ओळखणं, रागावण्याच्या आधी विचारणं, या सवयी आहेत आणि सवयी लावता येतात. राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून तेच केलंय, साध्या घरातली पोरं शिबिरात घ्यायची, त्यांच्याकडून शाखा चालवून घ्यायची, गाणी-खेळ-पथनाट्य शिकवायचं, आणि तीच पोरं पुढे दुसऱ्यांना शिकवतात.

ट्रेनिंग म्हणजे एक दिवस हॉटेलात पीपीटी, वरण-बट्टीचं जेवण आणि शेवटी सर्टिफिकेट हातात धरून फोटो, हे नको. ते होणार असेल तर खरंच ट्रेडमिल घ्या. माझ्या मते आधी दोन आठवडे, अर्धा दिवस बसून आणि अर्धा दिवस ग्राउंडवर खऱ्या पोरांबरोबर, खेळ घेऊन दाखवायचे आणि बाकीच्यांनी बघून सांगायचं की कुठलं पोरगं सुटलं. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबून द्यायचा प्रथमोपचार, तोंडी शिकवायचा नाही, बाहुल्यावर हात चालवून घ्यायचा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब म्हणजे किती वेगात ते हाताला कळलं पाहिजे. मग पहिले तीन महिने कोणीतरी अनुभवी माणूस आठवड्यातून एकदा येऊन मागे उभा राहून बघेल. आणि दर महिन्याला एक बैठक, त्यात काय बिनसलं ते लपवायचं नाही, वहीत लिहून आणायचं आणि त्यावरून कोणाची नोकरी जाणार नाही हे तुम्ही लेखी द्यायचं, कारण ते दिलं नाही तर वहीत रोज "सर्व ठीक" असंच येणार.

शिकवणारे बाहेरून आणायची पण गरज नाही. ग्रामीण रुग्णालय आपलंच आहे, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, जळगाव आणि अमळनेरला समाजकार्य महाविद्यालयं आहेत, तिथल्या एमएसडब्ल्यूच्या पोरापोरींना फिल्डवर्कला जागा लागतेच, त्यांना आपलं केंद्र द्या, दोघांचं काम होईल. गावातला वही गायनाचा, म्हणजे आपल्या खान्देशी लोकगायनाचा, एखादा म्हातारा कलाकार आणि आट्यापाट्या आठवणारे दोन बाबा पण बोलवा, ते बिनखर्चाचे आणि पोरांना आवडतात.

पगाराचं एकच सांगते. अकरा महिन्याचा करार आणि एजन्सी बदलली की माणूस बदलला, असं असेल तर शिकवलेलं सगळं वाया. शिकलेल्या माणसाला नवीन एजन्सीने घ्यायलाच पाहिजे अशी अट टेंडरमध्ये टाका, टाकता येते, साफसफाईच्या टेंडरमध्ये शंभर अटी असतात.

सभेच्या अजेंड्यावर सामानाच्या यादीच्या वर हा विषय घ्या एवढी मागणी आहे. ट्रेनिंगचा कच्चा आराखडा मी आणि अजून दोन शिक्षकांनी लिहून ठेवलाय, आवक-जावकला देऊन पोच घेऊ. कोणाला आधी बोलायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर ग्राउंडवर या, फक्त शनिवारी नको, शनिवारी मॅच असतात.

आपली,
खो-खोवाली ताई

ता.क. प्रथमोपचाराची पेटी यादीत आहे ते चांगलं केलं, पण तिला कुलूपवाली घेऊ नका.